बिनतेलाचं चाक

अमुक एक गोष्ट कानाला गोड का लागते, असं कुणी विचारलं की आमच्या गावचा सुतार हातातली पटाशी खाली ठेवायचा, स्वतःच्या कानाची पाळी ओढून दाखवायचा आणि म्हणायचा, “ह्यो तुला बी दिलाय ना देवानं? मग मला कावून इचारतो बे?”

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. गाव म्हणतं, हट्टी होता. असेल. गावात शहाणे पुष्कळ आहेत. दुसऱ्यासाठी त्यांनी काय सोडलं, ते एकानं तरी मला सांगावं.

विहिरीवरची मोट तुम्ही पाहिलीच असेल. बैल धावेवरून खाली उतरतात, नाडा चाकावरून ओढला जातो आणि भरलेली मोट वर येते. ते चाक हा करायचा, बाभळीचं. बसवून लगेच घरी जाईल तर तो कसला! एक मोट ओढायला लावायचा, डोळे मिटून ऐकायचा, मग चाकाचा आस, म्हणजे कणा, काढून काचेच्या तुकड्यानं घासायचा. पुन्हा मोट, पुन्हा काच. माझ्या विहिरीवर असा सगळा दिवस गेला. बैलसुद्धा वैतागले.

“मिस्तरी, पाणी येतंय ना? झालं की!”

“पाणी तर पोहऱ्यानं बी येतं,” तो म्हणाला. जाताना बजावून गेला, “तेल घातलंस तर चाक काढून नेईन.”

कुणीतरी त्याला म्हणालं, चाक वाजतं ते बरंच, गडी झोपला की आवाज थांबतो, मालकाला घरी कळतं. सुतार भडकला. “त्ये झालं पहाऱ्याचं काम. गोड लागतं त्येचं काय?”

खरं सांगतो, मला काही गोड लागत नव्हतं. मला नुसती कुरकुर ऐकू यायची. पण शेताच्या कडेला आमचं घर, तिथं चुलीपुढं बसून आमची ही म्हणायची, “आज चाक चांगलं बोलतंय.” काय चांगलं बोलतंय म्हटलं, तर नुसती हसायची.

एका थंडीत ती अंथरुणाला खिळली. खोकला थांबेना. बीडच्या हकिमाची दवा तिनं दोन दिवस घेतली आणि बाजूला सारली. बाज मात्र दाराशी ओढून घेतली. चाक थांबलं की लगेच हाक यायची, “कावून थांबलं?” भाकरी नको, दवा नको, तिला चाक हवं होतं.

नेमका तेव्हाच देशमुखांकडे हैदराबादेहून एक गवई उतरला. जमीन देशमुखांची, मी त्यांचं कूळ. त्यांचा बंगला माझ्या विहिरीच्या पलीकडेच. गवयाला रियाजात चाक खुपायला लागलं. निरोप आला, तेल घाल. मी वाटी घेऊन निघालो. जमीन गेली तर आजारी माणसाला घेऊन कुठं जायचं?

विहिरीवर सुतार उभा, निरोप त्याच्याही कानावर गेला होता. कण्यावर हात ठेवून म्हणाला, “वैनीला इचारलं का?”

“न्हाई.”

“मग जा, आदी तिला इचार.”

तेवढ्यात देशमुख आणि गवई दोघेही आले. गवई भला माणूस. सुताराला हसून म्हणाला, “मियाँ, इसमें सुर कहाँ है?”

“उस्ताद, तुमचं गानं गोड लागतं. कावून लागतं, त्ये सांगा.”

गवयानं सांगितलं. षड्ज सांगितला, पंचम सांगितला, लहानपणापासूनची मेहनत सांगितली. सुतारानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे कसं गातात त्ये झालं. गोड कावून, त्ये ऱ्हायलंच.”

गवयानं स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. मग म्हणाला, “सच है भाई,” आणि चार दिवस आपण नदीकडे बसू, असं देशमुखांना सांगून टाकलं.

देशमुख हसले नाहीत. “सुतारा, लई शानपन झालं. हे कूळ उद्या इथं दिसायचं न्हाई.”

“चाक मी केलंय, मालक. त्येला कशाला? काढायचं तर मला काढा.”

त्यालाच काढलं. देशमुखांच्या नव्या घराच्या चौकटी तो करत होता, नक्षी अर्धी झाली होती. त्याच दिवशी हत्यारं उचलायला लावली. काम चौसाळ्याच्या सुताराला गेलं. देशमुखांना भिऊन गावानंही पुढं कितीतरी दिवस त्याला नवं काम दिलं नाही. तेच गाव आता त्याला हट्टी म्हणतं.

चाक चालू राहिलं. ती अजून महिनाभर ऐकत होती. मग गेली.

तेरावं झालं. गहू सुकायला लागला होता, म्हणून बैल जुंपले. दोन मोटा ओढल्या आणि मला पुढं होईना. तिथंच धावेवर बसलो. सुतार आला. हातात एरंडेलाची वाटी.

“धर. वत कण्यावर.”

मला राग आला. “मालकाला न्हाई म्हनलास, आन् आता सोता तेल घेऊन आलास?”

“तवा वैनी ऐकत व्हती. आता तुलाच तरास. कोन ऐकायचंय?”

“मी ऐकतो.”

“गोड लागतं?”

“न्हाई.”

“मग?”

“मग कायबी न्हाई. तेल नको.”

कावून, असं काही त्यानं विचारलं नाही. वाटीत बोटं बुडवली आणि डाव्या बैलाच्या खांद्यावर, जू घासून जिथं सोललं होतं तिथं, तेल चोळायला लागला. मग उजव्याच्या. वाटी रिकामी होईपर्यंत चोळलं. हात स्वतःच्या पोटरीला पुसले.

“हाक,” म्हणाला.

मी बैल हाकले.