टिफिनमधून आणलेला पाऊस

आमच्या अप्पांची अब्रू एका बेडकाने घालवली, आणि तो बेडूक मीच बसमधून, मांडीवर ठेवून, घरी आणला होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली. घरात मराठी, दारात तमिळ आणि ऑफिसात मोडकं इंग्रजी, असा आमचा कारभार. उन्हाळा लागला की गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर वडाम पडायचे. (वडाम म्हणजे तुमच्या कुरडयाच, फक्त तमिळ बोलणाऱ्या.) वाळत घातलेल्या वडामवर उन्हाळी पावसाची एक सर आली की वर्षभराची बेगमी लगद्यात जमा! म्हणून रोज सकाळी सात वाजता बायका आमच्या दाराशी यायच्या. "अप्पा, आज घालूं का?"

अप्पा मागच्या दारात जाऊन डोळे मिटून उभे राहायचे. आमच्या घरामागे एक तळं होतं. त्यातले बेडूक अप्पांना नावानिशी नाही, पण आवाजानिशी ठाऊक. पाण्यावर चपट्या दगडासारखे टप्पे घेत पळणारे बारके बेडूक बाराही महिने बडबडायचे, त्यांच्यावर भरवसा नाही. काठच्या गवतातले, खडे घासल्यासारखे टिकटिकणारे, ते जरा बरे. पण काठच्या केळींवर राहणारा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला झाडबेडूक भर उन्हाळ्यात टक-टक-टक करू लागला, की अप्पा डोळे उघडून सांगायचे, "आज नको."

आणि पाऊस यायचा! रजिस्टर कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार?

मग देशात नवे वारे वाहू लागले. गल्लीत केबल आली, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आला आणि आमचं तळं कुणीतरी विकत घेतलं. महिनाभर लॉऱ्या माती ओतत होत्या. तिथे वातानुकूलित कल्याण मंडपम होणार होतं. बेडूक कुठे गेले, कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर लग्नाला हॉल जवळ झाला म्हणून खूश होतो.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या मीनाक्षी मामी दारात आल्या. अप्पा मागच्या दारात गेले. तिकडे भिंत. भिंतीपलीकडे माती. अप्पांनी डोळे मिटले.

"काहीं ऐकूं येत नाहीं," ते म्हणाले. "म्हणजे पाऊस नाहीं. घाला."

अकरा वाजता असा पाऊस कोसळला की गल्लीतल्या अकरा गच्च्यांवरचे वडाम पन्हाळीतून थेट गटारात गेले! कुणी अप्पांना एक शब्द बोललं नाही. तेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी सात वाजता अप्पा सदरा घालून तयार, आणि दारात कुणीच नाही. मामींच्या घरातून टीव्हीवरच्या हवामानाचा आवाज येत होता. अप्पांनी सदरा काढून खुंटीला टांगला आणि पुन्हा आडवे झाले. असं आठवडाभर चाललं. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "तुम्हीं जेवा."

मला ते बघवेना. आणि मला काही बघवेनासं झालं की मी उपाय शोधतो, हीच आमच्या घरावरची मोठी आपत्ती आहे.

रविवारी मी ओरत्तनाडूला गोविंदराजच्या शेतावर गेलो. हा माझा शाळासोबती. त्याच्याकडे विहिरीच्या पाण्यावर केळीची बाग होती.

"बेडूक हवेत? खायला?" त्याने विचारलं.

"अय्यो, नाही! ऐकायला!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बायकोकडे पाहिलं, आणि फावडं उचललं. दुपारपर्यंत आम्ही बेडूक धरत होतो. आईचा चार डब्यांचा पितळी टिफिन मी खास नेला होता. तळच्या डब्यात विहिरीतला मोठा बेडूक, पाठीवर पिवळी रेघ आणि चेहऱ्यावर तहसीलदाराचा भाव. दुसऱ्यात फावड्याखाली निघालेला गोलमटोल, मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत शिरणारा. तिसऱ्यात गवतातले सहा टिकटिके. आणि सगळ्यात वरती, केळीच्या पानाच्या बेचक्यातून काढलेला झाडबेडूक.

बसमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं, "डब्यात काय?" तेवढ्यात तळच्या डब्यानेच उत्तर दिलं. आजोबा उठून उभे राहिले ते तंजावूरपर्यंत उभेच!

घरी आल्यावर अंगणातल्या सिमेंटच्या तोट्टीत, म्हणजे धुण्याभांड्यांच्या हौदात, मी सगळे एकत्र सोडले.

"काय करूलास रे तेथें?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"काही नाही, टिफिन धुतो आहे!"

आई बाहेर आली. तिने तोट्टी पाहिली, टिफिन पाहिला. तो टिफिन तिच्या लग्नातला, आणि श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांकडे त्याच डब्यांतून खीर जायची. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने टिफिन उचलून भंगाराच्या कोपऱ्यात ठेवला आणि आत जाऊन बसली. आता घरात दोघं न बोलणारे झाले.

सोमवारी सकाळी पाहतो तर तोट्टीत एकच बेडूक. मोठा! पोट टम्म, चेहरा तोच. सहाच्या सहा टिकटिके त्याने संपवले होते. गोलमटोल कसाबसा निसटून आईच्या मोगऱ्याच्या आळ्यात उलटा शिरला आणि नाहीसा झाला. माती भिजेपर्यंत तो वर येत नाही, हे अप्पांनी मला लहानपणी दहादा सांगितलं होतं. कोण बेडूक कुणाशेजारी राहतो, कोण कुणाला खातो, हेही सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

हिरमुसून मी अंघोळीला गेलो. पहिला तांब्या अंगावर ओतला आणि भिंतीवरून आवाज आला : टक-टक-टक!

झाडबेडूक! आमच्या न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला चिकटला होता. बाहेर अप्पांच्या चपला वाजल्या. मागचं दार उघडलं. मी आनंदाने दुसरा तांब्या ओतला. टक-टक-टक-टक!

"आज नको," बाहेरून अप्पांचा खणखणीत आवाज आला. "मामी! आज वडाम नको!"

त्या दिवशी ऊन असं पडलं की डांबर वितळलं. दुसऱ्या दिवशीही, "आज नको." तिसऱ्याही. आठ दिवस अप्पा गल्लीभर सांगत फिरले आणि आठ दिवस आकाशात ढगाचा ठिपका नाही. जुन्या भरवशाने बायका थांबल्या आणि गल्लीतलं पीठ आंबलं. अप्पा मात्र सदरा घालत होते, जेवत होते. म्हणून मी गप्प राहिलो. (आणि रोज सात वाजताच अंघोळ करत राहिलो. एकदा तर दोनदा.)

नवव्या दिवशी मामी आमच्या न्हाणीच्या भिंतीला कान लावून उभ्या होत्या. मी तांब्या ओतला. टक-टक-टक. मी थांबलो. तो थांबला. मी पुन्हा ओतला.

"अहो, या सगळ्या!" मामी तमिळमध्ये गर्जल्या. "ह्यांचा मुलगा अंगावर पाणी घेतो, तेव्हाच ह्यांचा पाऊस येतो!"

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा सगळी गल्ली हसत होती. फक्त अप्पा हसत नव्हते. त्यानंतर आमच्या दारात वडामचं विचारायला कधीच कुणी आलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. सगळं सांगितलं.

"ठाऊक होतं," अप्पा म्हणाले. "पहिल्या दिवशींच. न्हाणीचा आवाज मला कळत नाहीं का?"

"मग तुम्ही पाऊस येणार म्हणून का सांगत होता?"

"तू इतक्या लांबून घेऊन आलास. तुला खोटं कसं पाडूं?"

मला रडू आलं. ते म्हणाले, "त्या मोठ्याला उद्यां परत सोडून ये. त्याला विहीर पाहिजे. येथें काय आहे?"

मी त्याला परत सोडून आलो, ह्या खेपेला बादलीतून. अप्पा त्याच वर्षी मार्गळीत, म्हणजे तुमच्या मार्गशीर्षात, गेले. त्यांचा तेरावा मागच्या नव्या मंडपमच्या हॉलमध्ये झाला, कारण तोच जवळ पडत होता.

झाडबेडूक मात्र गेला नाही. आईने टिफिनसाठी मला कधी क्षमा केली नाही, पण त्याला हुसकलंही नाही. अजूनही सकाळी सातला मी अंगावर तांब्या ओततो आणि तो आनंदाने ओरडू लागतो. ऑफिसात, गल्लीत, घरात, कुठेच माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. मी आणलेला पाऊस खरा मानणारा सगळ्या तंजावुरात तो एकटाच, आणि त्याच्यासमोरही मला रोज उघडंच उभं राहावं लागतं!