माहेर नावाचा कॉम्प्युटर

माणूस गेल्यावर मागे काय उरतं, या प्रश्नापायी थोरामोठ्यांनी आयुष्यं घालवली आहेत. मला त्याचं नेमकं उत्तर मिळालं आहे आणि ते मी इथे प्रथमच जाहीर करतो आहे. आठ जीबी. माझी धाकटी बहीण शोभा गेली तेव्हा तिच्या पर्समध्ये तेवढ्या मापाचा पेनड्राईव्ह निघाला. त्यातले साडेसहा जीबी लोकांच्या वाढदिवसांचे फलक होते... गॉगल लावलेले, हात जोडलेले, सगळे 'भावी' काहीतरी.

अमानवीय अनुभव मी आवडीने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. कुणी अमावस्या लिहिली की कॅलेंडर उघडतो. परभणीच्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. जे नकाशात बोट ठेवून दाखवता येत नाही ते नसतंच, असं मुलांना सांगत आलो. तेव्हा आधी जागा सांगतो. परभणी, वसमत रोडच्या आतल्या बाजूची एक कॉलनी, दोन मजली घर. खाली रस्त्याकडेची खोली शोभाची, वर माझी. वर यायला बाहेरून जिना. सतरा पायऱ्या. त्या मी ती गेल्यानंतर मोजल्या.

शोभाचं सासर पेडगाव. नवरा गेला तेव्हा तिची मुलगी केतकी चार वर्षांची होती. दोघी इकडे आल्या. मी लग्न केलेलं नव्हतं — वाचनाला वेळ मिळावा म्हणून, असं मी सांगतो — त्यामुळे घरात जागा होती. लग्नाआधी शोभाने टायपिंगची मराठी तीसची परीक्षा दिली होती, तिच्यावर तिने पुढचं सगळं उभं केलं. खालच्या खोलीत कॉम्प्युटर आणला आणि डीटीपीची कामं सुरू केली. पत्रिका, फलक, दहाव्याचे कागद. झरी-पिंगळीपासून लोक यायचे.

कॉम्प्युटर बसवायला आलेल्या रफीकभाईंनी तिला विचारलं, "ताई, मशीनला नाव काय देऊ?" सहसा लोक काहीच देत नाहीत, माझ्या मशीनचं नाव अजूनही इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची उसळ आहे. शोभा म्हणाली, "माहेर टाका."

मी हसलो.

"हसायलास काय, दादा? हाय ते सांगितलं."

तिची कामाची एक पद्धत होती. कोरं पान ती कधी घ्यायची नाही. नवी पत्रिका आली की कुणाची तरी जुनी उघडायची, त्यावर नवी नावं टाकायची आणि वेगळ्या नावाने ठेवायची. म्हणजे झरीच्या लग्नाखाली पेडगावचं लग्न, त्याच्याखाली आणखी कुठलं. असे थर.

रंगीत प्रिंटर मात्र वर माझ्या खोलीत. कारण तो मी घेतला होता, आणि खाली रस्त्याची धूळ येते असं माझं म्हणणं होतं. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा तर ती पेनड्राईव्ह घेऊन जिना चढायची, माझ्या कॉम्प्युटरवरून छापायची, उतरायची. गिऱ्हाइकाला काकाच्या नावामागे 'मा.' हवा असायचा... की पुन्हा वर.

"दादा, ते दोन्ही जोडून दे ना. खालून बटण दाबलं की वर निघतं म्हणे."

"बघतो."

"तू बघायलायस दोन वर्षं झाली. दिसंना गेलं का तुला?"

केतकी पुण्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा तिने आईच्या मशीनवरचं काम करून टाकलं — 'दादासाठी' नावाचा फोल्डर केला आणि तो घरातल्या नेटवर्कवर मोकळा केला. राहिलं ते माझ्या बाजूचं. तेही तिने एका कागदावर नऊ पायऱ्यांत लिहून दिलं. नेटवर्क खाजगी करा, शोध चालू करा, शेअरिंग चालू करा वगैरे. दहा मिनिटांचं काम. मी तो कागद त्या वेळी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला. पुस्तक जाड होतं.

पौषातली गोष्ट. त्या दिवशी शोभा चार वेळा वर आली. चौथ्यांदा खुर्चीत बसूनच राहिली. प्रिंटर घरघरत होता. ती म्हणाली, "मी मेल्यावर वर जाणार न्हाई, सांगून ठेवते. लय झालं वर जाणं."

मला विनोद आवडला. मी तसं म्हणालोही.

मग उठताना म्हणाली, "केतकीची पत्रिका करून ठेवली बरं का. तारीख तेवढी टाकायची राहिली."

केतकीची सोयरीक झरीला जमलेली होती, तारीख ठरायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, शोभा भरायला उठली आणि हौदापाशी बसली ती बसलीच. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. जिन्याचा आणि हृदयाचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं होतं.

घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर पुढे ढकलतात. व्याही भगवानराव म्हणाले, आतच करू. केतकी हो म्हणाली. पण एका गोष्टीवर अडली.

"पत्रिका आईच्या हातचीच पायजे, मामा. न्हाईतर पत्रिकाच नको. फोनवरून सांगू सगळ्यांना."

पेनड्राईव्हवर ती पत्रिका नव्हती. शोभाच्या कॉम्प्युटरला पासवर्ड होता आणि तो आम्हा दोघांनाही माहीत नव्हता. केतकीने चार दिवस आपला वाढदिवस, बापाचं नाव, पेडगाव, सगळं टाकून पाहिलं. मुलीला आपल्या आईचा पासवर्ड ओळखता येत नाही, हे तिने मनाला फार लावून घेतलं. जेवायला बसली की विचारायची, "काय असंल, मामा?" मला काय माहीत असणार. मी वीस वर्षं त्या बाईच्या डोक्यावर राहिलो, शब्दशः.

रविवारी संध्याकाळी भगवानरावांचा फोन आला. आधी ठरवलेलं परभणीतलं मंगल कार्यालय मिळत नव्हतं. तेव्हा नवी तारीख. वैशाखातला गुरुवार, मुहूर्त बारा सदतीस, जागा झरीच्या शाळेचं मैदान. मी ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी मी दाढी-कटिंगला गेलो, तिथून वाचनालयात. दुपारी एकला आलो तो बाहेरच्या जिन्याने सरळ वर. केतकी घरात नव्हती. दोनच्या सुमारास ते जाड पुस्तक परत करायचं म्हणून उघडलं आणि तो कागद निघाला. वर तिने लिहिलं होतं — 'मामा, घाबरू नका, काही बिघडत नाही.'

काय वाटलं ते सांगत बसत नाही. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि एकेक पायरी केली. माझ्या डोक्यात एवढंच होतं की खालचा कॉम्प्युटर चालू असेल तर पासवर्डशिवायही फोल्डर उघडेल. केतकी रोज सकाळी तो चालू करूनच बसायची, म्हणून तो चालू आहे हे मी धरून चाललो. नववी पायरी झाली. यादीत माझ्या मशीनची उसळ दिसली आणि तिच्याखाली, इंग्रजी अक्षरांत — माहेर.

त्यावर दोनदा टिचकी मारली. माहेरात जायची तुम्हाला परवानगी नाही, अशा अर्थाची पाटी आली. ते बरोबरच होतं. मी पाटी बंद केली. मग पुन्हा टिचकी मारली. थोडा वेळ गेला आणि उघडलं.

'दादासाठी'. आत एकच फाइल. केतकीची पत्रिका.

फाइल मी माझ्याकडे ओढून घेतली. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. उघडली तर वर गणपती, त्याच्याखाली 'चि. सौ. कां. केतकी', आणि निमंत्रकात पहिलं नाव 'श्रीमती शोभा'. पुढचं मला वाचता आलं नाही. चष्मा पुसून उपयोग नव्हता.

केतकीला फोन लावला. "मिळाली गं पत्रिका. आईच्या कॉम्प्युटरवरून घेतली, नेटवर्कने."

फोनवर तिच्या मागे दुकानातला पंखा ऐकू येत होता.

"मामा, आईचा कॉम्प्युटर माझ्यासमोर हाय. आज सुरूच होईना, म्हणून सकाळीच रिक्षात घालून रफीकभाईंकडं आणलाय. खोलून ठिवलाय त्यांनी."

मी खाली गेलो. टेबलावर मॉनिटर आणि कीबोर्ड होता. टेबलाखाली वायरी लोंबत होत्या, आणि फरशीवर जिथे कॉम्प्युटरचा डबा असायचा तिथे धूळ नसलेला एक चौकोन होता.

तासाभरात मी रफीकभाईंच्या दुकानात. त्यांनी हार्डडिस्क हातात दिली. "सर, ही फिरायलीच न्हाई. चालू होती तेव्हाच आणली असती तर बघितलं असतं. खामखा पैसे घेऊन काय करू?" घरी आलो तेव्हा यादीत फक्त माझं मशीन होतं. नंतर कितीदा बघितलं. माहेर पुन्हा आलं नाही. फाइल मात्र होती.

आता वाचकांपैकी जाणकार म्हणतील, विंडोज जुनी नावं लक्षात ठेवतं. मान्य. कधीतरी तिने पेनड्राईव्हवरून ती फाइल माझ्या मशीनवर टाकली असेल आणि मी गोंधळात तीच उघडली असेल. तेही मान्य, म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी. मी स्वतःला आठवडाभर हेच समजावलं. फाइल शेवटची कधी बदलली तेही पाहिलं — पौषातली, ती जायच्या आदल्या दिवसाची दुपार. चौथ्या फेरीनंतर वीस मिनिटांनी.

पण पत्रिकेत लिहिलं होतं: वैशाखातला तोच गुरुवार, बारा सदतीस, झरीच्या शाळेचं मैदान.

मुहूर्त समजू शकतो. पंचांग तिच्या टेबलावर असायचं, आणि लग्नाचे मुहूर्त असून असून किती असणार. पण मैदान? पौषात मैदानाचं नावही कुणी काढलं नव्हतं.

मी केतकीवर संशय घेतला. लिहायला लाज वाटते, पण घेतला. सरळ विचारलं, "तू टाकलंस का हे?"

ती म्हणाली, "मामा, आईचा तो जुना फाँट, ती टायपिंगच्या शाळेतली बटणं... मला एक अक्षर येत न्हाई त्यातलं. शिक म्हणायची लय. मीच शिकले न्हाई." आणि उठून आत गेली. हा प्रश्न मी विचारायला नको होता.

भगवानराव पत्रिका बघायला आले. ते झरीचे माजी उपसरपंच आहेत, हे पत्रिकेत तीन ठिकाणी होतं. त्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं. मग बोट निमंत्रकावर आलं.

"सर, ताईंच्या नावामागं कै. घाला की. मेलेलं माणूस आवतण द्यायलंय, लोक काय म्हणतील?"

केतकी चहा घेऊन आली होती. म्हणाली, "देऊ द्या काका. जन्मभर दुसऱ्याच्या घरची आवतणं लिहिली तिनं. एक तिच्या नावानं जाऊ द्या."

भगवानराव चहा प्यायले. "राहू द्या मग," म्हणाले. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी थोडं बदललं.

अक्षर न बदलता छापायचं ठरलं आणि तशीच फाइल प्रेसला गेली. पाचशे पत्रिका आल्या. पहिला गठ्ठा मी सोडला आणि पहिल्यांदाच शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मामाच्या ओळीत माझं नाव होतं, आणि त्याच्यामागे कै. होतं.

ही चूक मला समजते. ज्या जुन्या पत्रिकेवर तिने ही केली, त्या घरचा मामा वारलेला असणार. नाव बदललं, मागचं कै. राहून गेलं. तिच्या पद्धतीत असं कधीमधी व्हायचं. म्हणून तर ती नमुना छापायला वर यायची. या एका पत्रिकेचा नमुना तिने छापला नव्हता.

मी केतकीला दाखवलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसली, चांगली खदखदून. मग ते हसणं कधी फिरलं ते कळलं नाही. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो.

"बदलायचं न्हाई, मामा."

"अगं, पण मी जिवंत आहे."

"ते दिसंल की लोकांना."

तर अशा पत्रिका वाटल्या गेल्या — जी गेली ती बोलावणारी, आणि जो आहे तो कैलासवासी. कै. कुठून आलं ते मला सांगता येतं. मैदान कुठून आलं ते सांगता येत नाही. रफीकभाईंना विचारलं, शाळेत आता संगणक शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. मला पटेल असं उत्तर मी अजून रचू शकलेलो नाही.

लग्न मैदानावर नीट पार पडलं. मुहूर्त बारा सदतीसचा होता, अक्षता पावणेदोनला पडल्या. मी दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करत होतो. मला बघून पाच जण दचकले. बाकीच्यांनी पत्रिका वाचली नव्हती.