आवक कारकुनाच्या चौदा गोळ्या

तिला सगळे गोळीबाई म्हणत. नोकरी दवाखान्यातली, पण पाय कायम बाहेर. मलेरियाच्या पेशंटच्या समोर उभं राहायचं, डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावायची आणि "आ करा" म्हणून जिभेखाली बघायचं, यात तिची अकरा वर्षं गेली. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी जेवण झालं की नवराही न सांगता आ करायचा.

त्या साली तिच्या वाट्याला एका सरकारी ऑफिसातला, आलेले अर्ज नोंदवणारा आवक कारकून आला. ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि चौथ्या दिवशी गोळ्या टेबलाच्या खणात गेल्या.

"ताप गेला. प्रकरण निकाली निघालं," तो म्हणाला.

"साहेब, ताप गेला, जंतू नाही गेले. ते यकृतात दडी मारून बसलेत. चौदा दिवस पुरे केले नाहीत तर दोन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरेल."

"तसा तुमचा अर्ज आहे का?"

गोळीबाईने कपाळाला हात लावला. मग त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'विषय : आजची गोळी गिळणेबाबत. सोबत : गोळी एक.'

कारकुनाचा चेहरा खुलला. त्याने शिक्का मारला, क्रमांक टाकला, दोनदा वाचून 'मंजूर' असा शेरा लिहिला आणि गोळी गिळली.

"आ करा."

त्याने आ केला.

मग रोज हेच. सहाव्या दिवशी तारीख राहिली म्हणून अर्ज परत आला. आठव्या दिवशी 'गिळणेबाबत' की 'गिळण्याबाबत' यावर पाऊण तास गेला. गोळीबाई दातओठ खाऊन उभी राहिली, पण हलली नाही.

नवव्या दिवशी खुर्चीत टायपिस्टबाई बसलेल्या.

"साहेब रजेवर आहेत. चार्ज माझ्याकडे." त्यांनी अर्जावर शिक्का मारला, गोळी उचलली आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"अहो, थांबा!" गोळीबाईने झडप घालून गोळी हिसकावली. "ही त्यांची आहे! रक्त तपासल्याशिवाय कुणालाही चालत नाही!"

"चार्ज म्हणजे सगळाच चार्ज," टायपिस्टबाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या.

गोळीबाई तडक कारकुनाच्या घरी गेली. तो बनियनवर कपडे वाळत घालत होता. "रजेच्या दिवशी मी अर्ज स्वीकारत नाही," त्याने हातातला चिमटाही खाली न ठेवता सांगितलं.

आतून त्याची बायको आली. तिने अर्ज वाचला, भुवया उंचावल्या आणि म्हणाली, "जेवण झालंय ना? मग गिळा."

त्याने मुकाट्याने गिळली.

पुढचे पाच दिवस पुन्हा ऑफिसात, पुन्हा शिक्के. चौदावी गोळी पोटात गेली तेव्हा गोळीबाईला घाम फुटला होता.

दोन महिन्यांनी ती रक्ताचा रिपोर्ट घेऊन गेली. रक्त स्वच्छ होतं. कारकुनाने समोरच्या खुर्चीवरचा फायलींचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि तिला बसायला सांगितलं. त्या खुर्चीत माणूस बसलेला ऑफिसात कुणी पाहिला नव्हता. चहा आला.

"खरं सांगू का, बाई," तो हळूच म्हणाला, "मी फार घाबरलो होतो. घाबरलो की मला काहीतरी कागदावर लागतं."

गोळीबाईला हसू आलं, आणि थोडं भरूनही आलं. चहा संपवून ती पुढच्या पेशंटकडे निघाली. त्या पेशंटने आतून कडी लावली होती आणि "मी घरी नाही!" म्हणून तो ओरडत होता.

"मग खिडकीतून आ करा," ती म्हणाली.