कातडं आणि मेंदू

१९७३ साली प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा मी पास झाले ती गेणबामामांच्या जिवावर. हे मी आजवर कुणापाशी कबूल केलेलं नाही.

मी कवठे येमाईहून एसटीनं कॉलेजला यायचे. गेणबामामा तिथं लॅब अटेंडंट. शिक्षण सातवी, पाच वर्षं टेंपररी. जूनमध्ये कायम करायची ऑर्डर निघणार होती. कोंबडीच्या अंड्यातला दोन दिवसांचा गर्भ कागदाच्या कडीवर अलगद उचलून काचेच्या बशीत सोडावा तर मामांनीच. आम्ही नुसता फाडून ठेवायचो. सर शिकवायचे ते मामा फडकं मारता मारता ऐकायचे आणि वर आम्हालाच सांगायचे.

"ताई, गर्भाचं तीन थर. एक्टोडर्म बाहेरलं, मेसोडर्म मधलं, एंडोडर्म आतलं. ग्रीक लोकांत डर्मा म्हंजी कातडं. आमच्या आज्यानं जन्मभर मेली ढोरं सोलली. छप्पन साली बा बौद्ध झाला आन् ते काम सोडलं. कातडं आम्हाला कुणी शिकवायचं? पण बघा की, त्या बाहेरल्या थरातनंच कातडं बनतं आन् मेंदूबी! हाय का न्हाई गंमत?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी वीज गेली आणि उबवणीची पेटी गार पडली. सर हवालदिल. पण विजेचा भरवसा नको म्हणून मामांनी घरी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली होती. ती परीक्षेच्या सकाळी धडप्यात गुंडाळून, पोटाशी धरून त्यांनी आणली.

परीक्षेत माझा पहिला गर्भ फाटला. मी रडकुंडीला येऊन मामांना खूण केली. गर्भ ठेवायचं मिठाचं पाणी, सलाइन, द्यायच्या निमित्तानं त्यांनी दुसरा लावून दिला. बशीत गर्भाचं हृदय, टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, उडत होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एक्टोडर्म शब्द कुठून आला? अर्थ काय?"

बाई गं, माझी वाचाच बसली! मामांना राहवेना. मागून म्हणाले, "ग्रीक हाय साहेब. बाहेरलं कातडं."

परीक्षक भडकले. "शिपाई उत्तरं सांगतो? ही बशीपण यानंच लावली का? कुणी बोलावलं याला?"

माझे वडील हौसराव कॉलेजच्या कमिटीवर होते, माझा शब्द तिथं चालला असता. 'मी बोलावलं' एवढं म्हटलं असतं तर माझं एक वर्ष गेलं असतं, मामांची नोकरी राहिली असती. मी मेली बशीत बघत राहिले. मामाही माझं नाव न घेता गप्प राहिले. सगळा दोष त्यांच्यावर गेला आणि आठवड्यात त्यांना काढून टाकलं.

सहा वर्षांनी ते दौंडच्या स्टँडवर भेटले. सीझनपुरते एका साखर कारखान्यात ऊस उतरवायला होते.

"ताई, मास्तरीण झालात म्हणं? लई बरं झालं."

"मामा, त्या दिवशी मी..."

"जाऊ द्या वो. मला एक सांगा, जीभ कुठल्या थरातनं बनती? सरांनी ते सांगायच्या आधीच माझं कॉलेज सुटलं."

टोमणा नव्हता हो तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तिन्ही थरांतून, मामा."

"तिन्ही?" त्यांचे डोळे चमकले. "मंग लई जोर असंल की तिच्यात!"

त्यांची गाडी लागली. ते चढले, खिडकीतून हात हलवला. मला भर स्टँडवर रडू कोसळलं.