आवाजावरून निवडलेली खोली

ऑपरेटरबाईंनी एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढली. नऊ नंबर फिरवला की त्या बोलायच्या, त्यामुळे निम्म्या डॉक्टरांना त्यांचा चेहरा ठाऊक नसला तरी आवाज पक्का ओळखीचा होता. कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, कोणाला नुसतं कोणाशी तरी बोलायचंय, हे त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळायचं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना चाकांची एक चांगली बॅग दिली. बाईंनी ती घरी आणली, कपाटावर ठेवली आणि वर चादर टाकली. प्रवासाची त्यांना कधी फारशी हौस नव्हती.

हौस निघाली ती त्यांच्या ताईची. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी, सत्तरीची. लग्न केलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, शिवणाचे वर्ग घ्यायची, गुडघ्यांनी असहकार पुकारला होता तरी मशीन सोडत नव्हती. आई गेली तेव्हा बाई दहा वर्षांच्या होत्या, आणि तेव्हापासून वेणी घालण्यापासून फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. दोघींचं रोज एकदा तरी भांडण व्हायचं आणि रोज संध्याकाळी एकत्र चहा व्हायचा.

एके दिवशी चहाचा कप खाली ठेवत ताई म्हणाली, “ती बॅग धूळ खातेय. मला एकदा मोठ्या शहरात घेऊन चल. तीन-चार दिवस. घड्याळाच्या चौकाजवळ राहू.”

चौकाजवळच का, असं बाईंनी विचारलं. तिथून सगळं जवळ पडतं म्हणतात, एवढंच सांगून ताई सुईत दोरा ओवायला लागली.

हॉटेल शोधायचं काम सूनबाईंनी अंगावर घेतलं. त्यांनी मोबाइलवर भराभर फोटो दाखवले. सगळ्या पलंगांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, सगळ्या टेबलांवर फळांची तीच टोपली. खाली लोकांची मतं होती. एकाच खोलीला एकाने स्वर्ग म्हटलं होतं, दुसऱ्याने तिथे शत्रूलाही पाठवू नये असं लिहिलं होतं. चौकाजवळची हॉटेलं महाग होती. स्वस्तात मस्त म्हणून सूनबाईंनी जे काढलं ते शहराबाहेर, बसने पाऊण तासावर होतं, पण तिथे पोहायचा तलाव होता.

“तलावात कोण उतरणार, मी की ताई?” बाई म्हणाल्या. शिवाय रोजचा येण्याजाण्याचा दीड तास आणि ताईचे गुडघे हेही त्या स्वस्ताईत धरायला हवेत, हे त्यांनी सुनेला समजावलं. सून हुशार होती. तिने चौकाच्या आसपासच्या अकरा हॉटेलांचे फोन नंबर एका कागदावर उतरवून सासूच्या हातात दिले आणि म्हणाली, आता तुमची विद्या वापरा.

बाईंनी वही घेतली आणि फोन जवळ ओढला. त्यांची रीत ठरलेली होती. प्रत्येक ठिकाणी दोनदा फोन करायचा. एकदा सकाळी दहाला, जेव्हा खोली सोडणाऱ्यांची काउंटरवर झुंबड असते, आणि एकदा दुपारी तीनला, जेव्हा चिटपाखरू नसतं. गर्दीत माणसाचा धीर कळतो आणि निवांतपणी त्याची नियत. प्रश्नही ठरलेले. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? गरम पाणी किती वाजता येतं? आणि शेवटचा, ज्याने सगळेच गडबडायचे: खोलीच्या भिंतीपलीकडे काय आहे?

पहिल्या हॉटेलात माणूस फोनवर आलाच नाही, नुसतं संगीत वाजत राहिलं. दुसऱ्यातल्या मुलीने प्रत्येक प्रश्नाला “सगळं उत्तम आहे मॅडम” असं उत्तर दिलं. पायऱ्या किती, तर उत्तम. चौथ्या ठिकाणी फोन बाजूला ठेवून कोणीतरी साफसफाईच्या बाईला वाटेल तसं बोलत होतं. ते सगळं बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीतल्या त्या नंबरावर आडवी रेघ मारली. जिथे काम करणाऱ्या माणसांना असं बोललं जातं तिथली चादर कितीही पांढरी असो, आपल्याला झोप लागणार नाही, असं त्यांचं मत होतं.

सातव्या हॉटेलात एका पुरुषाचा घोगरा, जड आवाज आला. पायऱ्यांचा प्रश्न ऐकून तो म्हणाला, थांबा, मोजून येतो. बाईंना त्याची पावलं लांब जाताना आणि परत येताना ऐकू आली.

“पाच आहेत,” तो थोडा धापा टाकत म्हणाला. “दोन बाहेर, तीन आत. आतल्या तीनला कठडा नाही. वयस्कर कोणी असेल तर तेवढं लक्षात ठेवा. पुढच्या खोल्यांना उजेड छान आहे, पण चौकातलं घड्याळ वाजतं. मागच्या शांत आहेत, त्यांचा दर कमी आहे, पण दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो.”

बाईंनी भिंतीपलीकडचं विचारलं. एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला धुतलेल्या कपड्यांची खोली, म्हणजे तिकडून त्रास नाही, असं त्याने सांगितलं. आणि न विचारता आणखी एक गोष्ट सांगितली. हा कचेऱ्यांचा भाग असल्यामुळे शनिवार-रविवारी तिथे शुकशुकाट असतो. बाकी शहरात सुट्टीच्या दिवशी भाव चढतात, इथे उतरतात. शुक्रवारी येणार असाल तर एक दिवस थांबा, शनिवारी या, त्याच पैशांत पुढची खोली आणि नाश्ता दोन्ही मिळेल.

फोन ठेवून बाई सुनेला म्हणाल्या, “ठरलं. हा माणूस आपल्या हॉटेलाची निंदा स्वतःच करतो. याच्याकडे जायला हरकत नाही.”

दुपारच्या तीनचा फोनही त्यांनी नेमाने केला, पण तो आपली खोली राखून ठेवायलाच. ताईला मात्र शनिवारचं ऐकून बरं वाटलं नाही. कचेऱ्या उघड्या असतानाच जायला हवं, असं तिने दोनदा म्हटलं आणि कारण विचारल्यावर विषय बदलला. शेवटी शनिवार ते मंगळवार असं ठरलं.

“सोमवार त्यात येतो ना? मग चालेल,” ताई म्हणाली.

शनिवारी दुपारी दोघी पोहोचल्या. हॉटेलची इमारत दोन मोठ्या इमारतींच्या मधे अंग चोरून उभी होती. आतला गालिचा मधोमध झिजलेला, काउंटरची लाकडी कड हातांनी गुळगुळीत झालेली. बाईंनी आवाजावरून पन्नाशीचा एक जाडजूड माणूस डोळ्यांसमोर आणला होता. प्रत्यक्षात काउंटरमागे साठीचा, काटकुळा, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला माणूस होता. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज असा झालाय, हे त्याने नंतर सांगितलं. बाईंनी “नमस्कार” म्हणताच तो उठून बाहेर आला.

“तुम्ही पायऱ्यांच्या बाई,” तो म्हणाला, आणि हात पुढे करून त्याने ताईला तीन पायऱ्या चढवल्या.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. चादरी धुऊन धुऊन पातळ झालेल्या, पण स्वच्छ. नळाला गरम पाणी सांगितलेल्या वेळेला आलं. खिडकीतून चौक आणि घड्याळ दिसत होतं. घड्याळ तासाला वाजलं आणि मग अर्ध्या तासालाही वाजलं. बाई तडक खाली गेल्या आणि अर्ध्या तासाचं का सांगितलं नाही म्हणून त्यांनी विचारलं. काउंटरवाल्याचा चेहरा पडला. बावीस वर्षं ऐकतोय, आता कानाला लागतच नाही हो, म्हणाला. त्याची चूक खरी वाटल्यामुळे बाईंनी ती मनावर घेतली नाही.

रविवारी दोघींनी संग्रहालय पाहिलं, बागेत बसल्या, एका दुकानात ताईने कापडाचे भाव विचारून दुकानदाराला हैराण केलं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. पण ताईचं लक्ष कशातच नव्हतं, हे बाईंना तिच्या आवाजात ऐकू येत होतं.

सोमवारी सकाळी नाश्त्याला ताई ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून आली. चहा संपल्यावर तिने पर्समधून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि बशीशेजारी ठेवलं. आत टाइप केलेलं पत्र होतं. नकाशे काढणाऱ्या एका कंपनीने ताईला ट्रेसर म्हणून, म्हणजे पातळ कागदावर नकाशे उतरवून काढायला, नेमलं होतं. सोमवारी सकाळी दहा वाजता चौथ्या मजल्यावर हजर व्हावं, असं त्यात लिहिलं होतं. तारीख एक्कावन्न वर्षांपूर्वीची होती. आई गेली त्यानंतरच्या पाचव्या आठवड्यातली.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. ताईने शाळा संपल्यावर वर्षभर ड्रॉइंगचा कोर्स केला होता हे त्यांना माहीत होतं. तिचं शिवणाचं कागदी कटिंग सगळ्या गावात नावाजलेलं होतं. पण नोकरीचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

“इथून दोन वळणं आहेत,” ताई म्हणाली. “मी काउंटरवर विचारून ठेवलंय. इमारत अजून आहे.”

हळूहळू चालत त्या आठ-दहा मिनिटांत पोहोचल्या. दगडी इमारत, खाली चष्म्यांचं दुकान. नकाशांची कंपनी केव्हाच बंद झाली होती. चौथ्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्यांची कचेरी होती. लिफ्टमधून बाहेर आल्यावर तिथल्या बाईने काय काम आहे विचारलं. ताईने काही आडपडदा न ठेवता सांगितलं की मला इथे नोकरी लागली होती, मी आले नाही, तर आता जागा बघायला आलेय. ती बाई जराशी गोंधळली, मग उठली आणि दोघींना आत घेऊन गेली.

आत मोठा हॉल होता. पुठ्ठ्याच्या भिंती घालून त्याचे आठ तुकडे केले होते, पण एका बाजूच्या उंच खिडक्या तशाच होत्या. त्यांतून ऊन येत नव्हतं, नुसता स्वच्छ, सारखा उजेड येत होता. कोपऱ्यात जुनं तिरकं करता येणारं टेबल होतं, त्यावर प्रिंटर ठेवला होता. ताईने वाकून टेबलाखालचा स्क्रू चाचपला, थोडा फिरवून पाहिला, आणि सरळ उभी राहिली. खुर्च्यांवरची माणसं आपापली कामं करत होती. पाच मिनिटांनी तिने आभार मानले आणि त्या खाली आल्या.

चष्म्याच्या दुकानाशेजारी एक बाक होता. तिथे बसल्यावर बाईंनी विचारलं, “मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तू दहा वर्षांची होतीस. सांगून काय झालं असतं?”

“नंतर सांगायचंस.”

“नंतर सांगितलं असतं तर तू आयुष्यभर माझ्याशी जपून बोलली असतीस. मग मी भांडायचं कोणाशी?”

बाईंनी एकतीस वर्षं लोकांना नको नको ते निरोप दिले होते आणि एकदाही त्यांचा आवाज हलला नव्हता. आता त्या पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या. ताईने त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि समोरची रहदारी बघत राहिली.

मग बाई म्हणाल्या, “वाईट वाटतं?”

“वाटतं,” ताई म्हणाली. “वीस वर्षांपूर्वी जास्त वाटायचं. उजेड चांगला होता गं. मला वाटलंच होतं की चांगला असणार.”

मंगळवारी निघायचं होतं, पण ताईला अजून एक दिवस हवा होता. पुढची खोली दुसऱ्याच्या नावावर होती. काउंटरवाल्याने मागची कमी दराची खोली दिली आणि दिव्याला मोठा बल्ब लावून दिला. ताईने त्याच्याकडून कोरे कागद आणि पट्टी मागून घेतली आणि दिवसभर आठवणीतून तो हॉल काढला: खिडक्या, खांब, टेबलांच्या रांगा, मधल्या पुठ्ठ्याच्या भिंती वगळून. बाई पलंगावर पडून तिच्याकडे बघत होत्या. मधेच त्यांनी एक खिडकी जास्त झाली म्हणून सांगितलं, त्यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलं. शेवटी ताईने मोजून दाखवलं की खिडक्या सातच होत्या. बाई चुकल्या होत्या, आणि ते त्यांनी ताबडतोब कबूल केलं, म्हणून ताई जास्तच चिडली.

“हेच,” ती म्हणाली. “याचीच मला भीती होती. नीट भांड.”

घरी परतल्यावर बाईंचा गल्लीत बोलबाला झाला. कोणी कुठे निघालं की नंबरांची यादी घेऊन त्यांच्याकडे यायचं, आणि त्या दहा वाजता एकदा, तीन वाजता एकदा फोन फिरवायच्या. कोणाचं हॉटेल उत्तम निघालं, एकाचं अगदी भिकार निघालं. तिथे फोनवर चांगल्या आवाजाचा माणूस दोनच दिवसांसाठी बदलीवर आला होता. त्याबद्दल बाईंना पुढे बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं.

ताईने शिवणाचे वर्ग सकाळपुरते ठेवले आणि दुपारसाठी ड्रॉइंगचा फळा विकत आणला. सुरुवातीला ती स्वतःच्याच घराचे नकाशे काढायची. मग गल्लीच्या टोकाच्या सुताराला हे कळलं. त्याचं काम चांगलं, पण कागदावर काही उतरवता यायचं नाही, म्हणून गिऱ्हाइकाशी रोज वाद. तो कपाटांची मापं घेऊन तिच्याकडे यायला लागला. पहिल्याच कामाला ताईने त्याला दोनदा परत पाठवलं, कारण त्याच्या मापांची बेरीज भिंतीपेक्षा मोठी भरत होती. तिसऱ्यांदा तो टेप घेऊनच आला आणि ताईला रिक्षात बसवून थेट गिऱ्हाइकाच्या घरी घेऊन गेला. ती भिंत तिने स्वतः मोजली.