झरीतली सहा मिनिटं

नाताळच्या सुट्टीतली गोष्ट आहे. पण तिचा पुढचा भाग काल फोनवर कळला, म्हणून आज लिहितोय...

आमची केतकी दक्षिणेतल्या एका ख्रिश्चन कॉलेजात एक्सरसाइज सायन्स शिकते. तिला तिकडे पाठवली तेव्हा आमच्या गावात, मसोलीत, आम्हाला दोनच प्रश्न विचारले गेले. एक, "म्हणजे पोरगी पीटीची बाई होणार का?" आणि दुसरा, आवाज खाली करून, "तिथं धर्म वगैरे...?"

तीन वर्षांत फरक एवढाच दिसला, की जेवायला बसली की क्षणभर डोळे मिटते. आणि हो, मी जिना चढून आलो की माझी नाडी बघते!

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिला कष्टाची कामं करणाऱ्या बायकांची चालण्याची टेस्ट घ्यायची होती. तीस मीटरवर दोन खुणा, मध्ये येरझाऱ्या, आणि सहा मिनिटांत कोण किती अंतर चालतं ते मोजायचं. आकडे मिळाले नाहीत तर सेमिस्टर गेलं, आणि सोमवारी तिची परतीची गाडी होती.

शनिवारी सकाळी आम्ही तलासरी तालुक्यातल्या झरीला पोचलो. अंगणवाडीच्या सुनंदाताईंनी शाळेच्या मैदानात सहा जणी जमवून ठेवल्या होत्या. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता, तुम्ही व्यायाम करता का?

सगळ्यांत वयस्कर लखमीआजी. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "डोक्यावर फाट्यांचा भारा असतो बाय, अजून काय करू? नाचू?"

नियमाप्रमाणे एकेकीला चालवायचं होतं. पण मी पंचवीस वर्षं पेपरात काढलेला माणूस, घड्याळाकडे बघायची सवय जात नाही. म्हटलं, "मैदान एवढं मोठं आहे, सगळ्यांना एकदम सोड की." केतकीला पटलं नव्हतं, पण तिने ऐकलं...

झालं! सहाही जणी एका रांगेत चालू लागल्या. पुढे लखमीआजी, सगळ्यांत मागे बावीस वर्षांची सविता. रानातल्या पायवाटेने सरपणाचे भारे घेऊन जातात, तशाच.

केतकी ओरडतेय, "आपापल्या वेगाने चाला! पुढेमागे झालं तरी चालेल!" त्या मान डोलावतायत, आणि रांग काही मोडत नाही. सहा मिनिटांनी सहाही जणींचं अंतर सारखं.

"जमला ना?" आजींनी कौतुकाने विचारलं. "कोणी मागं नाय पडली."

केतकी शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसली. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आजींमुळे बाकीच्या हळू चालल्या, उघड आहे. तरुण बायकांचे आकडे थोडे वर कर. कोण बघायला येतंय?"

तिने डोकं वर केलं. "बाबा, प्रोजेक्ट द्यायच्या आधी आमच्याकडे सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. कोणाला मोजलं आणि त्यांच्यासाठी काय केलं, ते सांगायचं. तिथं काय सांगू?"

मी उठलो आणि सुनंदाताईंना उद्याचं विचारायला गेलो.

रविवारी आम्ही पुन्हा झरीला. या वेळी एकेक जण मैदानात, बाकीच्या व्हरांड्यात. आजींची पाळी आली, आणि बाई अशा सुटल्या की फेऱ्या मोजता मोजता केतकीची धांदल उडाली. सहा जणींत त्यांच्यापुढे एकच गेली.

शेवटी सविता. चौथ्या मिनिटाला ती थांबली. ओठ पांढरे, श्वास काही बसेना. केतकीने टेस्ट तिथंच बंद केली, तिला सावलीत बसवलं, नाडी धरली. "काल तर चालली ना मी," सविता पुन्हा पुन्हा म्हणत होती.

व्हरांड्यातून आजींचा आवाज आला. "काल मी चालवली तुला. मागची पावलं ऐकून पाय टाकते मी."

म्हणजे कालची रांग आजींच्या नाही, सविताच्या वेगाने चालली होती! मी तर उलटंच धरून बसलो होतो...

पावसाळ्यापासून तिला असंच व्हायचं. घरी सांगितलं नव्हतं, लोक कामचुकार म्हणतील म्हणून. सोमवारी सुनंदाताई तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. अंगात रक्त फारच कमी निघालं, लगेच औषधं सुरू झाली. केतकी पाच पूर्ण आकडे आणि एक अपुरा घेऊन गाडीत बसली. तिच्या सरांनी अपुरा आकडा तसाच ठेवायला सांगितला, आणि प्रार्थनेत ती त्याच्याबद्दलच बोलली.

माझं ऐकलं असतं, तर कागदावर सविता ठणठणीत असती. तो खोटा आकडा माझ्याच सांगण्यावरून पडला असता... हे मनातून जात नाही.

काल सुनंदाताईंचा फोन आला. सविताचं रक्त वाढतंय, अर्धा भारा उचलायला लागलीय. आणि रांग बदललीय... आजी आता तिला पुढे घालतात, आणि स्वतः सगळ्यांत मागून येतात.

मी आयुष्यभर वेळेवर पोचत आलो. मागून कोण येतंय, ते ऐकायला कधी थांबलो नाही. लखमीआजी, केतकी... थँक्यू.