अकरा मिनिटांचं विद्यापीठ

या विद्यापीठाला कुलगुरू आहेत, कुलसचिव आहेत आणि संस्थापक तर दोनदा आहेत: एकदा हिंडतेफिरते आणि एकदा फाटकाशी पुतळा होऊन. आपल्या माघारी कुणी पुतळा उभारील याचा भरवसा नव्हता, म्हणून ते काम त्यांनी हयातीतच उरकून घेतलं. पण बाहेरगावच्या माणसाला या सगळ्यांच्या आधी भेटतात ते बसचे ड्रायव्हर मामा. गावाला रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावापासून चौदा किलोमीटर लांब. का, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. तिथून पालकांना आणि मुलांना बसमध्ये घालायचं, विद्यापीठात आणायचं, आवारात एक फेरी मारून सगळं दाखवायचं आणि प्रवेशाच्या खिडकीसमोर उतरवायचं, हे मामांचं अठरा वर्षांचं काम. मुलं त्यांना प्र-कुलगुरू म्हणत. मामांना ते मनापासून आवडायचं, पण चेहरा मात्र ते आंबट ठेवायचे.

हे विद्यापीठ म्हणजे मूळचा कौलांचा कारखाना. लोक घरांवर स्लॅब टाकायला लागले, कारखाना बसला, आणि संस्थापकांनी तो भट्टी-चिमणीसकट विकत घेतला. कच्ची कौलं वाळवायच्या लांबलचक शेडमध्ये आता वाणिज्य शाखा भरते. भट्टीत ग्रंथालय आहे. तिच्या भिंती हातभर जाड, त्यामुळे आत फोनला रेंज येत नाही आणि मुलं नाइलाजानं वाचतात. चिमणी पाडायचा खर्च झेपेना, म्हणून ती विद्यापीठाच्या चिन्हात घालून खाली 'ज्ञानाची उंची' असं लिहून टाकलं. नर्सिंग आहे, शेती आहे, संगणक आहे. एक अवकाशविज्ञान विभागही आहे. त्यात दुर्बीण आहे, प्राध्यापकांची खुर्ची आहे, प्राध्यापक मात्र अजून यायचे आहेत. मुलं सगळी मिळून सहाशे चाळीस. यंदा भर पडली नाही तर दोन शाखा गुंडाळाव्या लागतील, असं कुलसचिव सहा महिने येताजाता ऐकवत होते.

फाटकापासून प्रवेशाच्या खिडकीपर्यंतच्या फेरीला बरोबर अकरा मिनिटं लागत. एवढ्याशा आवाराला अकरा मिनिटं कशी, असं कुणी विचारलं नाही, आणि इथंच मामांची कला होती. मामा खोटं कधी बोलले नाहीत. बोलायची गरजच पडली नाही. ते काम त्यांनी गिअरवर सोपवलं होतं. ग्रंथालय आलं की बस पहिल्या गिअरमध्ये, इतकी सावकाश की दारातल्या बाई पुस्तकांवर शिक्के मारताना दिसाव्यात. शेतीशाखेच्या रोपवाटिकेपाशी तर मामा इंजिन बंद करून खिडक्या उघडायला लावत. आणि बारा वर्षं अर्धवट राहिलेलं सभागृह, त्याच्या उघड्या सळया, मागचं गळकं वसतिगृह, हे आलं की बस तिसऱ्या गिअरमध्ये सुटायची आणि मामा ओरडायचे, "उजवीकडे बघा, उजवीकडे, झाडांची रांग!" झाडं खरोखर उजवीकडे होती. त्यात खोटं काही नव्हतं.

मामांची मुलगी या बसमध्येच वाढली. शाळेतून आली की ती इंजिनाच्या गरम झाकणावर बसायची आणि वडिलांच्या आधी तीच कुजबुजायची, "बाबा, तिसरा टाका." तिला नाद होता दगडांचा. कारखान्याच्या जुन्या मातीच्या खाणीतून ती रंगीबेरंगी दगड उचलून आणी आणि घरातल्या खिडक्यांच्या कठड्यांवर मांडून ठेवी. मामी म्हणायच्या, या घरात खिडकी लावायची तर आधी डोंगर हलवावा लागतो. बारावी झाल्यावर मुलीनं सांगितलं, मला भूगर्भशास्त्र शिकायचंय. ते इथं नव्हतं. जिथं होतं आणि जिथं तिला प्रवेशही मिळाला होता, ते ठिकाण नऊशे किलोमीटर लांब होतं.

एकुलती एक मुलगी, आणि कर्मचाऱ्याच्या मुलांना इथं फी माफ.

"आपल्याकडे काय कमी आहे?" ते म्हणाले.

"दगड शिकवत नाहीत."

"अगं, आवारभर दगडच पडलेत की!"

"पडलेत, बाबा. शिकवत नाहीत."

महिनाभर हेच चाललं. घरात दोन अर्ज येऊन पडले. एक इथल्या फीमाफीचा, दुसरा तिकडच्या वसतिगृहाचा. दोन्हींवर पालकाची सही हवी आणि दोन्हींची मुदत एकाच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत. मामी विद्यापीठातच झेरॉक्सचं काउंटर सांभाळायच्या, तेव्हा दोन्ही अर्जांच्या प्रती त्यांनीच काढल्या होत्या. आपलं मत मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मामांनी फीमाफीचा अर्ज भरून खिशात ठेवला आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

तो शेवटचा दिवस नेमका परिचय दिवस निघाला. स्टेशनवर चाळीस माणसं बसमध्ये चढली. मामांची मुलगी माहितीपुस्तिका वाटायला आली होती. रडून तिचे डोळे सुजले होते, पण वाटप चोख चाललं होतं. कुलसचिव स्वतः पहिल्या सीटवर बसले होते आणि माणसं पुन्हा पुन्हा मोजत होते. त्यांच्या मागे एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. हातातलं काम टाकून तशाच निघाल्या असाव्यात, कारण मोजायची टेप अजून गळ्यात होती. शेजारी त्यांची मुलगी बसली होती. बाईंनी पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. त्या खिडकीतून बघत होत्या, आणि अधूनमधून मामांच्या हाताकडे.

फाटक आलं, पुतळा झाला, वाणिज्यची शेड झाली, ग्रंथालय पहिल्या गिअरमध्ये झालं. मग मामांनी सवयीनं तिसरा टाकला. "उजवीकडे बघा, झाडांची..."

"दादा, जरा थांबवा," शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या.

मामांनी ब्रेक मारला. अठरा वर्षांत इथं बस कधी थांबली नव्हती.

"दुकानदार डागाची बाजू आत दुमडून कापड दाखवतो, तशी बस चालवताय तुम्ही. मागं घ्या. डावीकडे काय होतं ते बघू द्या."

कुलसचिव उठून म्हणाले, "बाई, कार्यक्रमाची वेळ झालीय."

"झाली तर होऊ द्या. मला चार वर्षं पोरगी ठेवायचीय इथं. चार मिनिटांनी काही बिघडत नाही."

मामांनी रिव्हर्स टाकला. बस कुंईकुंई करत मागं आली आणि सभागृहासमोर उभी राहिली. चाळीस डोकी डावीकडे वळली. सळयांवर कावळे बसले होते. वसतिगृहाच्या भिंतीवर गळतीचे डाग होते आणि वरच्या सगळ्या खिडक्यांत बादल्या. कुलसचिवांचा चेहरा असा झाला, जणू सभागृहाच्या सळया त्यांच्याच घरात निघाल्यात.

बाईंनी मान हलवली आणि मामांच्या मुलीकडे बोट दाखवलं. "ही पोरगी तुमचीच ना? नाक तुमचंच आहे. बारावी झालेली दिसतेय. हिला कुठं घालताय, इथंच?"

"अर्थात!" मामांच्या आधी कुलसचिवच बोलले. "आज पाचच्या आत यांचा अर्ज माझ्या टेबलावर येतोय. आमच्या माणसांचा आमच्यावर केवढा विश्वास आहे ते यावरून बघा!"

"तुम्हाला नाही विचारलं, साहेब," बाई म्हणाल्या. "दादांना विचारलं."

मामांनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, हो. खिशातला अर्ज तयार होता. पण आरशात त्यांना बाईंच्या शेजारी बसलेली ती मुलगी दिसली. पुस्तिकेचं पान मुडपत, जीव मुठीत धरून ती त्यांच्या उत्तराची वाट बघत होती. मामांचा हात नकळत गिअरवर गेला. पण बस उभी होती. या प्रश्नावरून वेगानं पुढं जायला गिअर नव्हता, बघायला उजवीकडे झाडं नव्हती. आता जे बोलायचं ते तोंडानं बोलायचं होतं, आणि तोंडानं खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"नाही," मामा म्हणाले.

मामांच्या मुलीच्या हातातल्या पुस्तिका घसरल्या. कुलसचिव मटकन खाली बसले.

"नाही म्हणजे? इथं काय वाईट आहे?" बाईंनी विचारलं.

"वाईट नाही हो. तिला दगड शिकायचेत. ते इथं शिकवत नाहीत. नऊशे किलोमीटरवर शिकवतात. तिकडं जाईल ती."

"आणि माझ्या पोरीला नर्सिंग करायचंय. ते शिकवतात का?"

एकदा सुरू झाल्यावर मामांना थांबता येईना. "नर्सिंग डोळे झाकून घ्या. तिथल्या मोठ्या सिस्टर मुलींना सुई धरायला शिकवतात ती आधी स्वतःच्या दंडावर. पण वसतिगृहात वरचा मजला मागू नका, गळतो. वाणिज्य चांगलं आहे, शेड उन्हाळ्यात तापते, सकाळची तुकडी घ्या. शेतीवाल्या सरांचा आवाज फार मोठा आहे, माणूस सोन्यासारखा. संगणक... संगणक आहेत. अवकाशविज्ञानाला सर आल्यावर या. आणि हे सभागृह मी बस चालवायला लागल्यापासून सहाव्या वर्षी सुरू झालं. माझी नोकरी संपेपर्यंत होईल असं वाटत नाही."

फेरी त्या दिवशी सत्तावीस मिनिटं चालली, कारण लोक आता जागोजागी थांबवायला लागले होते. एका आजोबांनी तर स्वच्छतागृह आतून दाखवायला लावलं. प्रवेशाच्या खिडकीसमोर उतरताना पाचसहा कुटुंबं सरळ परत जायच्या गाडीची चौकशी करू लागली. बाकीची रांगेत उभी राहिली. शिवणकामवाल्या बाई पहिल्या होत्या, आणि "वरचा मजला नको," हे त्यांनी खिडकीतल्या कारकुनाकडून लिहून घेतलं.

कुलसचिवांनी मामांना बाजूला घेतलं. "उद्यापासून बस चालवायची, फक्त चालवायची. तोंडाला कुलूप!" असं म्हणून ते तरातरा आत गेले. परस्पर आलेल्यांचे धरून दिवसाचे अर्ज मोजले तर एकोणीस भरले. गेल्या वर्षी याच दिवशी एकवीस होते. म्हणजे नुकसान झालं, पण मनासारखं चिडावं इतकंही झालं नाही. त्या दोनाच्या फरकावर ते संध्याकाळपर्यंत धुमसत बसले, आणि चपराशाला म्हणाले की निदान त्या वरच्या मजल्याचं बघून घ्या.

पाचला वीस मिनिटं कमी असताना मामा झेरॉक्सच्या काउंटरवर पोचले. मुलगी तिथंच होती, आईशेजारी स्टुलावर. मामींनी वसतिगृहाचा अर्ज पुढं सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलेलं होतं. मामांनी सही केली. सही इतकी वेडीवाकडी आली की मामींनी ती उजेडाला धरून बघितली आणि म्हटलं, "चालेल."

"बाबा," मुलीनं विचारलं, "महिनाभर तर माझं ऐकून घेत नव्हतात. हे ठरवलंत कधी?"

"ठरवलं कुठं? त्या बाईंनी विचारेपर्यंत मी 'हो'च म्हणणार होतो."

"मग?"

मामांनी काउंटरची कड चोळली. "तुला काय, थाप मारता येते. तू घरची. महिनाभर मारतच होतो. पण त्या बाईंची पोरगी परक्याची, बाळा. तिला कसं फसवायचं?"

एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, रांगेतली दोन मुलं आपले कागद घेऊन हळूच बाहेर गेली असं. मुलीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तीही रडायला लागली. मामी तेवढ्या कोरड्या राहिल्या, कारण अर्ज स्कॅन करून पाचच्या आत पाठवायचा होता. नवरा हुंदके देतोय, मुलगी हुंदके देतेय, आणि मामी मशीनचं झाकण दाबून धरून म्हणताहेत, "काउंटर हलवू नका, अक्षर फिसकटतंय." चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी अर्ज पोचल्याची खूण पडद्यावर उमटली. मामींनी ती दोनदा वाचली, मशीन बंद केलं, काउंटरच्या बाहेर आल्या आणि त्या दोघांच्या मधे बसून आपल्या वाट्याचं रडून घेतलं.